हृदयाची हकिगत, रक्ताच्या थेंबात

एस. टी.च्या आगारातला एखादा मुरलेला मेस्त्री काम करताना पाहा. गाडी घाटाच्या रस्त्याला पाठवायची की नाही, हे त्याला ठरवायचे असते. त्यासाठी तो दर वेळी इंजिन उघडून बसत नाही. चालकाला तो विचारतो, "चढावर तापमानाचा काटा कुठवर जातो?" मग इंजिनातले थोडे तेल बोटांवर घेऊन चोळतो आणि उजेडात धरतो. तेलात धातूचा चकचकीत कीस दिसला, तर आत कुठेतरी झीज होत आहे हे त्याला उमगते. काटा ताण दाखवतो आणि कीस मोडतोड दाखवतो. ताण आणि मोडतोड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि चांगला मेस्त्री त्यांची गल्लत करत नाही.

विद्यार्थी मित्रहो, हृदयावर शस्त्रक्रिया करायची असते तेव्हा डॉक्टरांपुढेही असाच प्रश्न असतो. हृदय बरगड्यांच्या पिंजऱ्यात बंद आहे. शस्त्रक्रियेचा घाट त्याला चढवेल काय? आणि चढून गेल्यावर त्याच्या स्नायूंची किती हानी झाली, हे कसे कळावे? त्यासाठी आता तेलाच्या थेंबासारखीच एक सोय झाली आहे. दंडातून काढलेल्या काही मिलिलिटर रक्तात हृदयावरील ताणाची खूण सापडते आणि हृदयाच्या मोडतोडीचीही सापडते. या खुणा कोणत्या, त्या रक्तात येतात कशा, आणि त्यांचे आकडे वाचायचे कसे, ते या लेखात पाहू.

आरंभीच एक कोडे घालतो. समजा, दोन आजोबा आहेत. दोघांचे वय ६८. दोघांच्याही हृदयातली एकच झडप अरुंद झाली आहे आणि ती बदलायची आहे. रक्त तपासल्यावर ताणाच्या खुणेचा आकडा पहिल्या आजोबांचा ४०० आला, तर दुसऱ्या आजोबांचा ४,००० आला. दुसऱ्या आजोबांच्या घरची मंडळी घाबरून गेली. "दहापट आकडा! मग शस्त्रक्रिया नकोच," असे ती म्हणू लागली. त्यांचे म्हणणे बरोबर आहे काय? उत्तर लेखाच्या शेवटी पाहू. तोवर तुम्हीही विचार करून ठेवा.

पंप, पण नुसता पंप नव्हे

आपले हृदय मुठीएवढे असते. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते. मिनिटाला ७० ते ७२ ठोके धरले, तर दिवसाचे एक लाखाहून अधिक ठोके होतात. विश्रांतीच्या वेळी ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते, म्हणजे दिवसाला ७,००० लिटरांहून अधिक. हृदयात चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका किंवा अलिंद म्हणतात, आणि खालच्या दोन कप्प्यांना जवनिका किंवा निलय म्हणतात. खालचे कप्पे जाड भिंतीचे असतात, कारण रक्त जोराने दूर ढकलण्याचे काम त्यांचे.

हे सारे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहेच. शतकानुशतके शास्त्रज्ञांनाही वाटे की हृदय म्हणजे एक पंप आहे, दुसरे काही नाही. १९५६ साली मात्र एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ब्रूनो किश हे शास्त्रज्ञ गिनीपिगच्या कर्णिकांचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. तेथल्या स्नायुपेशींत त्यांना गडद रंगाचे बारीक कण दिसले. असे कण सहसा ग्रंथींच्या पेशींत आढळतात. ग्रंथी आपला रस अशा कणांत साठवून ठेवतात आणि वेळ आली की रक्तात सोडतात. पण हृदयाच्या पेशींना असले कोठार कशासाठी?

त्याच वर्षी दुसरीकडे आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हेन्री आणि पिअर्स या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या डाव्या कर्णिकेत एक लहान फुगा फुगवला. कर्णिका ताणली गेली आणि कुत्र्याची लघवी वाढली! हृदयाच्या कप्प्याचा आणि मूत्रपिंडांचा काय संबंध? हा मज्जातंतूंचा खेळ असावा, असे तेव्हा वाटले. कण आणि फुगा या दोन गोष्टी एकमेकींशी जोडायला पुढे पंचवीस वर्षे जावी लागली.

ती जोडणी केली आडोल्फो दे बोल्ड यांनी. ते मूळचे अर्जेंटिनाचे, पण काम करत होते कॅनडातील किंग्स्टन येथे. १९८१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या कर्णिका वाटून त्यांचा अर्क काढला आणि तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. थोड्याच वेळात त्या उंदरांची लघवी दहापट झाली आणि तिच्यातून बाहेर पडणारे सोडियम तीसपटीहून जास्त वाढले. जवनिकांच्या अर्काने असे काही घडेना. कर्णिकांतल्या त्या गडद कणांत एक संप्रेरक भरलेले होते! रक्ताचे आकारमान वाढून कर्णिका ताणल्या गेल्या की त्या हे संप्रेरक रक्तात सोडतात. ते मूत्रपिंडांना जणू निरोप देते, "मीठ आणि पाणी बाहेर टाका, माझ्यावरचे ओझे कमी करा." हृदय हा नुसता पंप नसून ती एक ग्रंथीही आहे, हे त्या दिवसापासून मान्य झाले.

चुकीचे नाव पडलेला निरोप

१९८८ साली जपानमधील सुदोह, कांगावा, मात्सुओ आदी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत अशाच प्रकारचे आणखी एक संप्रेरक सापडले. मेंदूत सापडले म्हणून मेंदूच्या इंग्रजी नावाचे पहिले अक्षर त्याला चिकटले आणि ते बी. एन. पी. या नावाने प्रसिद्ध झाले. गंमत अशी की, पुढे शोध घेता असे दिसले की ते मुख्यतः हृदयाच्या जवनिकांतच तयार होते. नाव मात्र तेच राहिले.

कर्णिकांचे संप्रेरक कणांत भरून तयार ठेवलेले असते. बी. एन. पी.चे तसे नाही. त्याचा मोठा साठा नसतो. जवनिकेच्या भिंतीवर ताण पडला की पेशीतले संबंधित जनुक जागे होते आणि माल ताजा तयार होऊन रक्तात जातो. म्हणून त्याचे रक्तातील प्रमाण जवनिकेवरच्या ताणाचा चांगला अंदाज देते.

हा ताण म्हणजे नेमके काय? एक रबरी फुगा घ्या. तो थोडा फुगवा आणि बोटाने दाबून पाहा. मग आणखी फुगवा. आकार वाढतो, रबर पातळ होते आणि अधिकाधिक ताणले जाते. फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नियमाप्रमाणे भिंतीवरचा ताण तीन गोष्टींवर अवलंबून असतो. आतला दाब वाढला की ताण वाढतो. पोकळीची त्रिज्या वाढली की ताण वाढतो. भिंतीची जाडी वाढली की ताण कमी होतो. रक्तदाब बरीच वर्षे चढलेला असेल किंवा झडप अरुंद झाली असेल, तर जवनिकेतला दाब वाढतो. ताण वाटून घेण्यासाठी भिंत जाड होत जाते. ते पुरेनासे झाले की कप्पा फुगू लागतो आणि ताण आणखी वाढतो. बी. एन. पी.चा आकडा या साऱ्याबरोबर चढत जातो.

पेशीत हे संप्रेरक प्रथम १०८ अमिनो आम्लांच्या एका लांब साखळीच्या रूपात बनते. मग एक विकर कात्रीसारखे काम करून तिचे दोन तुकडे करते. ३२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे बी. एन. पी. उरलेला ७६ अमिनो आम्लांचा तुकडा काहीच काम करत नाही. त्याला एन. टी. प्रो-बी. एन. पी. असे लांबलचक नाव आहे. आपण त्याला सोयीसाठी 'जोडतुकडा' म्हणू. जितकी बी. एन. पी.ची साखळी तुटते तितकेच जोडतुकडे रक्तात पडतात. बी. एन. पी. रक्तात फार टिकत नाही. सुमारे २० मिनिटांत ते निम्मे होते. जोडतुकडा निम्मा व्हायला एक ते दोन तास लागतात. म्हणजे पत्र जाळून टाकले तरी लिफाफा मागे उरावा, तसे हे आहे. म्हणून पुष्कळ प्रयोगशाळा हा जोडतुकडाच मोजतात. आपल्या दोन आजोबांचे आकडे त्याचेच आहेत.

टँकरभर पाण्यात साखरेचे दाणे

पण मोजायचे तरी कसे? या द्रव्यांचे रक्तातले प्रमाण पिकोग्रॅममध्ये सांगतात. एका ग्रॅमचे एक लक्ष कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. रक्ताच्या एका मिलिलिटरात १०० पिकोग्रॅम बी. एन. पी. आहे, असे समजा. आता १०,००० लिटर पाण्याचा टँकर डोळ्यांपुढे आणा. त्यात फक्त १ मिलिग्रॅम साखर, म्हणजे अगदी बारीक असे एक-दोन दाणे, विरघळवले तर जे प्रमाण होईल तेच हे प्रमाण. गणित करून पाहा, पटेल.

अशी सूक्ष्म मोजणी शक्य झाली ती प्रतिद्रव्यांमुळे. रोगजंतू शरीरात शिरले की शरीर त्यांना अचूक ओळखणारी प्रतिद्रव्ये तयार करते, हे तुम्हांला ठाऊक आहे. प्रत्येक प्रतिद्रव्य आपल्या ठरावीक रेणूलाच चिकटते, जशी किल्ली आपल्याच कुलपाला लागते. न्यूयॉर्कमधील रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास या गुणाचा उपयोग करून रक्तातले इन्सुलिन मोजून दाखवले. १९७७ साली यॅलो यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ सालीच वारले होते, म्हणून ते या सन्मानाला मुकले.

आजच्या चाचणीत दोन प्रतिद्रव्ये वापरतात. एक प्रतिद्रव्य पात्राच्या तळाशी किंवा बारीक मण्यांवर पक्के बसवलेले असते. रक्तातला हवा तो रेणू आला की ते त्याचे एक टोक पकडते. मग दुसरे प्रतिद्रव्य सोडतात. ते त्याच रेणूचे दुसरे टोक पकडते. या दुसऱ्या प्रतिद्रव्याला प्रकाश देणारे रसायन जोडलेले असते. न चिकटलेला माल धुऊन टाकला की उरलेला प्रकाश मोजायचा. प्रकाश जास्त, तर रेणू जास्त.

मोडतोडीची खूण

आता तेलातल्या किसाकडे वळू. हृदयाच्या स्नायुपेशी मेल्या की त्यांच्या आतली द्रव्ये रक्तात सांडतात. १९५४ साली न्यूयॉर्कमधील कारमेन, रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी दाखवले की हृदयविकाराचा झटका आल्यावर रक्तातले एक विकर वाढते. ही मोडतोडीची पहिली उपयुक्त खूण ठरली. पण ते विकर यकृतातही भरपूर असते. कावीळ झाली तरी ते वाढायचे. कीस इंजिनाचा की गिअरपेटीचा, हेच कळेना!

हवी होती ती खूण जपानमध्ये निघालेल्या एका वेगळ्याच शोधातून मिळाली. सेत्सुरो एबाशी हे स्नायू आकुंचन कसे पावतात याचा अभ्यास करत होते. १९६० नंतरच्या दशकात त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ट्रोपोनिन नावाचे प्रथिन सापडले. स्नायूंतल्या तंतूंवर बसून ते कडीसारखे काम करते. कॅल्शियम आले की कडी निघते आणि तंतू एकमेकांवरून सरकतात, म्हणजे स्नायू आकुंचन पावतो. कॅल्शियम गेले की कडी पुन्हा लागते. तुमच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ही कडी एकदा निघते आणि एकदा लागते.

महत्त्वाची गोष्ट अशी की, हृदयातल्या ट्रोपोनिनचे दोन घटक हातापायांच्या स्नायूंतल्या ट्रोपोनिनहून रचनेने वेगळे आहेत. त्यांना टी आणि आय अशी नावे आहेत. हृदयाच्या प्रकारालाच चिकटणारी प्रतिद्रव्ये बनवली, तर सापडलेला कीस हृदयाचाच, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. अशा चाचण्या १९८० नंतरच्या दशकात तयार झाल्या आणि पुढे जगभर वापरात आल्या. या मोडतोडीला एवढे महत्त्व का? त्वचेच्या पेशी गेल्या तर नव्या येतात. हृदयाच्या स्नायुपेशी मात्र फारच सावकाश बदलतात. तरुणपणी वर्षाला शंभरात एखादी, आणि म्हातारपणी त्याहूनही कमी. जे गेले ते जवळपास कायमचेच गेले.

मुद्दाम थांबवलेले हृदय

६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या एका तरुणीच्या हृदयातले छिद्र शिवले. त्या वेळी २६ मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम एका यंत्राने केले. यंत्राच्या मदतीने यशस्वी झालेली ही पहिली खुली हृदयशस्त्रक्रिया. आज हृदय-फुप्फुस यंत्र हे मोठ्या रुग्णालयांतले नेहमीचे साधन झाले आहे. तुंबलेल्या रोहिणीला वळसा घालून नवी वाट जोडायची असते, किंवा खराब झडप बदलायची असते, तेव्हा ते उपयोगी पडते. आपल्या देशात झडपा खराब होण्याचे एक मोठे कारण शाळकरी वयातच सुरू होते. घसा सुजण्याचा एक जंतुजन्य आजार अंगावर काढला, तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा आखडतात. म्हणून ताप आणि घसादुखी असेल तर डॉक्टरांना वेळीच दाखवावे.

धडधडत्या हृदयावर बारीक टाके घालणे कठीण. म्हणून बहुतेक वेळा ते मुद्दाम थांबवतात. रक्त यंत्राकडे वळवतात, महारोहिणीला चिमटा लावतात, आणि हृदयाच्या रोहिण्यांत पोटॅशियमयुक्त द्राव सोडतात. बऱ्याचदा हा द्राव थंड असतो. पोटॅशियमने ठोके बंद पडतात आणि थंडीने पेशींची प्राणवायूची भूक मंदावते. लंडनचे मेलरोज यांनी १९५५ साली पोटॅशियमचा असा उपयोग सुचवला. परंतु त्यांचा द्राव फार तीव्र होता आणि त्यानेच स्नायूंना इजा होते असे दिसून आले. तो मागे पडला. पुढे १९७० नंतरच्या दशकात सौम्य द्राव निघाले, तेव्हा ही रीत पुन्हा रूढ झाली.

यावरून लक्षात येईल की शस्त्रक्रिया कितीही कुशलतेने केली तरी हृदयाला थोडीफार झळ लागतेच. काही वेळ त्याला रक्त मिळत नाही. त्यात सुया जातात. कधी त्याची भिंत कापावी लागते. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रक्तात ट्रोपोनिन वाढणारच. मग प्रश्न असा की, किती वाढले तर काळजी करायची?

२६ आणि ५,६७०

हा प्रश्न पुस्तकी नाही. शस्त्रक्रियेच्या रात्री रुग्ण अतिदक्षता विभागात असतो. भुलीचा अंमल पुरता उतरलेला नसतो. छाती दुखते आहे काय, असे विचारून उपयोग नाही, कारण टाक्यांमुळे ती दुखणारच. अशा वेळी नव्याने जोडलेली रोहिणी गुठळीने बंद पडली, तर स्नायू मरू लागतो. ते ओळखून तासाभरात हालचाल केली तर तो वाचू शकतो. उलट, काही बिघडलेले नसताना रुग्णाला घाईने पुन्हा तपासणीच्या टेबलावर नेले, तर त्याचाही धोका असतोच. म्हणून सीमारेषा कोठे आखायची, याला महत्त्व आहे.

आकडा किती पट वाढला म्हणजे इजा गंभीर, याविषयी तज्ज्ञांनी पूर्वी ठरवलेल्या रेषा होत्या. कोणी निरोगी माणसाच्या मर्यादेच्या १० पट म्हणे, कोणी ३५ पट, कोणी ७० पट. या रेषा बव्हंशी तज्ज्ञांच्या अंदाजावर उभ्या होत्या. मग १२ देशांतल्या २४ रुग्णालयांनी मिळून १३,८६२ रुग्णांचे ट्रोपोनिन हृदयशस्त्रक्रियेनंतर मोजले आणि पुढील ३० दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्यांपैकी २९६ रुग्ण, म्हणजे शेकडा दोनांहून थोडे अधिक, त्या काळात दगावले. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले.

वापरलेल्या चाचणीत निरोगी माणसाची वरची मर्यादा लिटरला २६ नॅनोग्रॅम होती. रोहिणीची नवी वाट जोडणे किंवा महारोहिणीची झडप बदलणे या शस्त्रक्रियांनंतर पहिल्या दिवसात आकडा ५,६७० च्या वर गेला, तेव्हाच मृत्यूचा धोका वाढलेला स्पष्ट दिसला. ५,६७० ला २६ ने भागा. उत्तर येते २१८. म्हणजे १० पट नव्हे, ७० पटही नव्हे, तर २१८ पट! हृदयाच्या इतर, अधिक गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांत तर ही रेषा ४९९ पटींवर निघाली.

यातून केवढा धडा मिळतो पाहा. छातीत कळ येऊन दवाखान्यात आलेल्या माणसाच्या रक्तात हेच ट्रोपोनिन २,००० निघाले, तर ती धावपळीची वेळ असते. हृदयशस्त्रक्रिया होऊन आठ तास झालेल्या माणसात तोच आकडा निघाला, तर तो नेहमीचा म्हणावा लागेल. द्रव्य तेच, यंत्र तेच, आकडाही तोच. अर्थ मात्र निराळा, कारण प्रसंग निराळा. नुकतीच नवी दट्ट्या-कडी बसवलेल्या इंजिनाच्या पहिल्या तेलात थोडा कीस निघायचाच, हे आपला मेस्त्री जाणतो.

म्हणून डॉक्टर एकाच आकड्यावर थांबत नाहीत. काही तासांनी पुन्हा रक्त तपासतात आणि आलेख पाहतात. वर चढून उतरू लागलेला आकडा धीर देतो. चढतच राहिलेला आकडा शंका उत्पन्न करतो. मग हृदयाचा विद्युत आलेख, ध्वनिलहरींनी दिसणारे हृदयाचे चित्र आणि रक्तदाब यांच्याशी ताळा घालतात.

आकडा वाचताना

ताणाच्या खुणेलाही अशीच पथ्ये आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, धाप लागून रुग्णालयात आलेल्या १,५८६ जणांचे बी. एन. पी. मोजले होते. सीमारेषा १०० पिकोग्रॅमची धरली. हृदय थकल्यामुळे धाप लागलेल्या दर १०० रुग्णांपैकी ९० जण रेषेच्या वर निघाले. पण ज्यांच्या धापेचे कारण दुसरेच होते, अशा दर १०० जणांपैकी २४ जणही रेषेच्या वरच निघाले. म्हणजे चाचणी चांगली, पण देववाणी नव्हे.

वय वाढते तसा हा आकडा वाढतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो थोडा जास्त असतो. मूत्रपिंडे मंदावली असतील तर जोडतुकडा रक्तात साचून राहतो आणि ताण नसतानाही आकडा फुगतो. उलट, स्थूल माणसांत तो अपेक्षेपेक्षा कमी येतो. काही औषधे बी. एन. पी.ला तोडणारे विकरच अडवतात. त्यांनी बी. एन. पी. वाढते, पण जोडतुकडा वाढत नाही. ही माहिती नसलेल्या माणसाच्या हाती नुसता आकडा देणे म्हणजे प्रमाण न सांगता नकाशा देण्यासारखे आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचा हा आकडा बराच वर असतो, त्यांना नंतर हृदयाला आधार देणारी औषधे जास्त वेळ लागतात. कर्णिकांची लय बिघडण्याचे प्रकार जास्त होतात, रुग्णालयातला मुक्काम लांबतो आणि मृत्यूचे प्रमाणही जास्त असते. हे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. तथापि, शस्त्रक्रियेचा धोका अजमावण्याची युरोपात तयार झालेली आणि जगभर वापरली जाणारी जी प्रसिद्ध गणनपद्धती आहे, तिच्यात वय, मूत्रपिंडांचे कार्य, हृदयाची ढकलण्याची ताकद, मधुमेह, शस्त्रक्रियेची तातडी अशा गोष्टी येतात, बी. एन. पी. येत नाही. ४३ देशांतल्या २२,३८१ रुग्णांच्या नोंदींवरून तिची आजची आवृत्ती तयार झाली. रक्तातली खूण तिची जागा घेत नाही, तिच्या जोडीला बसते.

आणखी एक गोष्ट विसरू नये. धोका हा समूहावरून काढलेला असतो. "अशा १०० जणांपैकी ५ जणांना त्रास होतो," असे म्हटले तर समोरचा माणूस त्या ५ जणांतला की ९५ जणांतला, हे तो आकडा सांगत नाही.

दोन आजोबांचे काय?

आता कोड्याकडे वळू. दुसऱ्या आजोबांचा आकडा ४,००० आहे. प्रथम डॉक्टर त्यांची मूत्रपिंडे तपासतील. आकडा फुगण्यात त्यांचा काही वाटा आहे काय, ते पाहतील. समजा, मूत्रपिंडे ठीक आहेत. म्हणजे ताण खराच आहे. शस्त्रक्रियेचा धोका पहिल्या आजोबांपेक्षा त्यांना अधिक आहे, हे घरच्या मंडळींचे म्हणणे येथपर्यंत बरोबर.

पण हा ताण आला कोठून? अरुंद झालेल्या झडपेतून रक्त ढकलताना जवनिकेला जो जोर लावावा लागतो, त्यातून. ही झडप औषधाने रुंद होत नाही. ती बदलली तरच दाब उतरेल आणि पुढल्या काही महिन्यांत बहुधा आकडाही उतरेल. शस्त्रक्रिया नाकारली, तर ताणाचे कारण जागच्या जागी राहील. म्हणूनच युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत असे आहे की, महारोहिणीची झडप अतिशय अरुंद असेल आणि शस्त्रक्रियेचा धोका कमी असेल, तर रुग्णाला काही त्रास जाणवत नसला तरी, वयाच्या मानाने बी. एन. पी. तिपटीहून अधिक वाढले असल्यास झडप बदलण्याचा विचार करावा. तेथे वाढलेला आकडा "थांबा" असे सांगत नाही, "उशीर करू नका" असे सांगतो.

मग दुसऱ्या आजोबांसाठी काय करतील? अंगात साचलेले पाणी औषधांनी आधी उतरवतील. हृदयाला आधार देणारी औषधे हाताशी ठेवतील. अतिदक्षता विभागात त्यांच्यावर अधिक काळ लक्ष ठेवतील. छाती उघडणे फारच धोक्याचे वाटले, तर मांडीच्या रोहिणीतून नळी सरकवून नवी झडप बसवता येईल काय, हेही पाहतील. नळीने महारोहिणीची झडप बसवण्याची रीत २००२ साली फ्रान्समधील रूआँ येथे आलँ क्रिबिये यांनी प्रथम माणसावर वापरली. पहिल्या आजोबांचा आकडा लहान आहे म्हणून त्यांच्या बाबतीत कोणी निष्काळजी राहणार नाही, हे सांगायला नकोच.

तेव्हा घरची मंडळी आकडा वाचायला चुकली नव्हती, आकड्याला प्रश्न विचारायला चुकली होती. "आकडा मोठा आहे काय?" एवढेच विचारून भागत नाही. तो कशाचा आहे, ताणाचा की मोडतोडीचा? कोणत्या प्रसंगी घेतला आहे? त्या प्रसंगी तो नेहमी किती असतो? तो चढतो आहे की उतरतो आहे? आणि ज्या कारणाने तो वाढला, ते दूर करता येण्याजोगे आहे काय? हे पाच प्रश्न विचारले म्हणजे रक्ताचा थेंब बोलू लागतो. आगारातला मेस्त्री काटा पाहून गाडी मोडीत काढत नाही. तो बॉनेट उघडतो, काय बिघडले ते पाहतो, आणि गाडी घाटाला लावण्याआधी जे करायला हवे ते करतो.